फोटोला हात लावावा काय?

फोटोवर बोलायला या व्यासपीठावर एक युनियनवाला उभा राहिलेला पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. ते रास्तच आहे. आम्ही छायाचित्रकार नाही. कलेचे पंडित तर नाहीच नाही. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, कारखान्याच्या फाटकाशी आणि लेबर कोर्टाच्या बाकावर बसून झाले. परंतु फोटोशी आमचा आयुष्यात दोनदा जवळून संबंध आला. पहिल्या वेळी आम्ही पोटासाठी फोटो सुधारले, आणि दुसऱ्या वेळी चळवळीसाठी एक फोटो बिघडवला. या दोन अनुभवांच्या बळावर आम्ही आज बोलणार आहोत.

प्रश्न साधा आहे. छायाचित्रकाराने एकदा फोटो काढल्यावर त्यात मागाहून फेरफार करावेत की करू नयेत? यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, कॅमेऱ्याने जे टिपले तेच खरे. त्याला हात लावणे म्हणजे लबाडी. दुसरा म्हणतो, छायाचित्र ही कला आहे, आणि चित्रकाराला जर रंग बदलण्याची मुभा आहे तर छायाचित्रकारानेच काय पाप केले? दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकताना पटते, आणि घरी जाऊन विचार करू लागले की दोन्ही अपुरे वाटतात. असे का होते, हे समजण्यासाठी आधी फोटो तयार कसा होतो हे पाहिले पाहिजे.

१९८५ च्या सुमारास आम्ही सोलापुरात एका स्टुडिओत डार्करूमचा पोऱ्या म्हणून कामाला होतो. लाल दिव्याच्या उजेडात ट्रेमधला कागद हलवायचा, चित्र उमटले की हायपोत टाकायचा, मग पाण्याखाली धुवायचा, हे आमचे काम. पहिल्याच आठवड्यात आमचा एक भ्रम गेला. फोटो कॅमेऱ्यात तयार होतो असे आम्हांला वाटत होते. प्रत्यक्षात कॅमेऱ्यातून निघते ती निगेटिव्ह, आणि एकाच निगेटिव्हपासून फिकट, गडद, कडक, मऊ असे दहा तऱ्हेचे फोटो काढता येतात. एन्लार्जरखाली प्रकाश पडत असताना मालक चेहऱ्याच्या भागावर तळहाताची सावली धरीत. तेवढ्या भागावर प्रकाश कमी पडे आणि कागदावर चेहरा उजळ येई. आकाश पांढरेफटक पडत असेल तर बाकीचा भाग झाकून आकाशावर आणखी काही सेकंद प्रकाश टाकीत, म्हणजे तेथील ढग दिसू लागत. खेरीज बारीक टोकाच्या पेन्सिलीने निगेटिव्हवर काम चाले. फोटोत जी सुरकुती काळी दिसते ती निगेटिव्हवर पारदर्शक असते. तेथे शिशाचे हलके ठिपके दिले की प्रकाश अडतो आणि कागदावर सुरकुती विरते. लग्नाच्या मुलींच्या फोटोंवर या पेन्सिलीने किती देवीचे व्रण बुजवले असतील याची गणती नाही.

हे उद्योग काही सोलापूरच्या स्टुडिओने शोधून काढलेले नव्हते. छायाचित्रणाची कला १८३९ साली जगापुढे आली आणि पुढच्या वीस वर्षांतच एका फोटोत दोन निगेटिव्ह जोडण्याची विद्या तयार झाली. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी प्रसिद्ध चित्रे केली, त्यांतील काहींत समुद्र एका निगेटिव्हचा आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हचे आहे. त्याने असे का केले? त्या काळच्या काचांवरचे रसायन निळ्या प्रकाशाला फार चटकन प्रतिसाद देई, म्हणजे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरे होई आणि ढग नाहीसे होत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ढगही दिसत होते आणि लाटाही दिसत होत्या. तेव्हा गंमत अशी की, हात न लावलेली काच आकाश कोरे दाखवी, आणि जोडकाम केलेले चित्र डोळ्यांना दिसलेल्या देखाव्याच्या अधिक जवळ जाई.

अमेरिकेतला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हा निसर्गचित्रांचा मोठा धनी. तो तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता, त्यामुळे त्याने उपमाही गाण्यातली दिली: निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना, आणि छापलेला फोटो म्हणजे तिचे वादन. आपल्याकडे आपण म्हणू, बंदिश तीच, मैफल दर वेळी निराळी. १९४१ साली त्याने न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे एक छायाचित्र घेतले. त्याच एका निगेटिव्हवरून तो पुढे कित्येक वर्षे प्रती छापीत राहिला. सुरुवातीच्या प्रतींत आकाश बरेच उजळ आहे, तर उतारवयातल्या प्रतींत ते जवळजवळ काळे आहे. यांतली कोणती प्रत खरी, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. कारण त्या चित्रापुढे उभा राहणारा मनुष्य हर्नांडेझचे हवामान तपासायला आलेला नसतो.

आता कोणी म्हणेल, हे सारे फिल्मच्या काळातले झाले; आजचा कॅमेरा यंत्रच आहे, तो जसेच्या तसे देतो. हाही भ्रमच आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये फिल्मच्या जागी जी चकती असते तिच्यावर लक्षावधी बारीक खिडक्या असतात, आणि प्रत्येक खिडकीपुढे लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच काच असते. म्हणजे प्रत्येक बिंदूवर तीन रंगांपैकी एकच मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. मग यंत्र गडद-फिकेपणा ठरवते, कडा धारदार करते. मोबाइल तर बटण एकदा दाबले तरी पुष्कळदा अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो. तेव्हा ‘हात न लावलेला फोटो’ याचा अर्थ एवढाच, की आपण हात लावला नाही. तो यंत्र करणाऱ्या कंपनीने आधीच लावून ठेवलेला असतो.

मग सगळ्याच फोटोंत हात असतो म्हणून सगळेच चालते, असे म्हणायचे काय? नाही. येथेच आपण नीट उभे राहून पाहिले पाहिजे.

आमच्या स्टुडिओत एक काम वारंवार येई. गिरणीतला कामगार वारला की त्याची बायको किंवा भाऊ एखादा जुना, चुरगळलेला, कधी ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो घेऊन येत. तो मोठा करून द्यायचा असे. आणि जवळजवळ प्रत्येकाची मागणी एकच: “कोट घाला.” आमचे मालक कुंचल्याने त्या माणसाच्या अंगावर काळा कोट चढवीत, केस नीट बसवीत, गालांवर थोडा रंग देत. हयातभर बनियनवर साच्यापुढे उभा राहिलेला मनुष्य मेल्यानंतर कोट घालून भिंतीवर बसे. एका बाईने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, “आता बरे दिसतात. आयुष्यात एकदा तरी घालायला पाहिजे होता.” त्या क्षणी आम्हांला त्या कोटात लबाडी दिसली नाही, आजही दिसत नाही. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की कोट कुंचल्याचा आहे. तेथे कोणाची फसवणूक नव्हती. होता तो मान होता.

दादासाहेब फाळक्यांचेच उदाहरण घ्या. ते चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाच्या धंद्यात होते. त्यांनी १९१७ साली पडद्यावर लंका जाळली, १९१९ साली कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचवला. प्रेक्षक हात जोडून बसत. पण फाळक्यांनी आम्हांला फसवले अशी तक्रार घेऊन कोणी गेला नाही. कारण पडद्यावर युक्ती आहे हे तिकीट काढतानाच माहीत असते.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. फोटोला किती हात लावला यावर त्याचा खरेखोटेपणा ठरत नाही. तो फोटो पाहणाऱ्याला काय सांगून पुढे ठेवला आहे, यावर ठरतो. भिंतीवरचा फोटो म्हणतो, “आमच्या माणसाची आठवण ठेवा.” अ‍ॅडम्सचा फोटो म्हणतो, “मला हे असे भासले.” परंतु वर्तमानपत्रातला, चौकशीतला, कोर्टातला, मोर्चाच्या पत्रकावरचा फोटो म्हणतो, “हे असे घडले, मी तेथे होतो.” हा तिसरा फोटो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा असतो. साक्षीदाराने घसा साफ करावा, मोठ्याने बोलावे, नेमक्या शब्दांत बोलावे. पण न पाहिलेले सांगू नये, आणि पाहिलेले गाळू नये.

साक्षीतला फोटो बिघडवला तर काय होते, याची उदाहरणे देताना आम्ही आमच्याच घरापासून सुरुवात करतो. ज्या विचारांच्या प्रभावाखाली आमच्यासारखे कितीतरी कार्यकर्ते वाढले, त्या विचारांचे नाव घेणाऱ्या राजवटीने या बाबतीत जे केले ते सांगायला संकोच करून चालणार नाही. १९२० च्या ५ मे रोजी लेनिनने मॉस्कोत सैनिकांपुढे भाषण केले, तेव्हा व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे होते. पुढे ते नकोसे झाले, आणि फोटोतल्या त्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी चालणारा पोलीसप्रमुख येझोव्ह १९४० साली गोळी घालून मारला गेला. फोटोत त्याच्या जागी पाणी आले. आधी माणूस नाहीसा केला, मग तो होता याची साक्ष नाहीशी केली. डार्करूममधला तोच कुंचला, ज्याने सोलापूरच्या कामगाराला कोट चढवला, तो तेथे माणसे पुसण्यासाठी वापरला गेला.

हे झाले सत्तेच्या हातचे. पण ज्यांचा हेतू चांगला होता त्यांच्या हातूनही काय घडते ते पाहा. १९३६ साली अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला होता. सरकारी खात्याचा एक तरुण छायाचित्रकार, आर्थर रोथस्टाइन, दक्षिण डाकोटा राज्यात हिंडत असता त्याला भेगाळलेल्या जमिनीवर बैलाची पांढरी कवटी दिसली. त्याने तिचे अनेक फोटो घेतले. अधिक चांगला उजेड आणि पार्श्वभूमी मिळावी म्हणून ती थोडी दूर सरकवूनही घेतले. वर्ष निवडणुकीचे होते. रूझवेल्टच्या विरोधी पत्रांच्या हाती हे लागले, आणि त्यांनी ओरड केली की सरकार बनावट दुष्काळ दाखवते आहे. दुष्काळ खरा होता. जमीन खरी, कवटी खरी, उपाशी शेतकरी खरे. परंतु कवटी चार पावले हलली, आणि वादाचा विषय दुष्काळ न राहता कवटी झाला.

ही हकीकत आम्ही वाचली तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो. कारण आमची स्वतःची कवटी आम्हांला आठवली.

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. हंगामी कामगारांना कायम करा, या मागणीसाठी मोर्चा निघाला. पाऊस होता, दोन पाळ्यांतली माणसे कामावर अडकलेली होती, तरीही आठशे माणूस रस्त्यावर उतरला. आम्ही स्वतः ओळी मोजल्या होत्या. रात्री पत्रक तयार करायला बसलो तेव्हा फोटोत मोर्चा लहान दिसत होता, मागची बाजू रिकामी वाटत होती. एका उत्साही मित्राने दोन प्रती आणल्या, कात्री चालवली, डिंक लावला आणि रिकाम्या जागी पुन्हा माणसे भरली. फोटोत आता दोन हजारांचा मोर्चा दिसू लागला. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “छापा.” तो शब्द आमचा होता, मित्राला दोष नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या सूचनाफलकावर आमचेच पत्रक लागले. त्यावर लाल शाईने दोन वर्तुळे काढली होती. दोन्ही वर्तुळांत एकच मनुष्य होता: तीच पांढरी टोपी, तीच वर उचललेली मूठ, तेच उघडे तोंड. कामगार पाळीला जाताना ते पाहत आणि हसत. वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही हंगामी कामगारांची यादी ठेवली तेव्हा पलीकडचे साहेब यादीकडे न पाहताच म्हणाले, “यात किती नावे दोनदा आहेत?” यादीतले प्रत्येक नाव खरे होते. आम्ही महिनाभर घरोघर हिंडून, हजेरीपत्रके पाहून ती केली होती. ती यादी मान्य करून घ्यायला आम्हांला पुढे दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात यादीतले कितीतरी लोक काम सोडून गावी निघून गेले. मोर्चात आठशे माणसे होती हे त्यानंतर कोणालाही पटवता आले नाही. आमच्या कामगारांनाही नाही. ज्याची टोपी दोनदा छापली गेली तो तर सहा महिने आमच्याशी बोलला नाही. “मी पावसात खराच आलो होतो,” एवढेच तो शेवटी म्हणाला.

पुढे वाचताना दिसले की मोठमोठ्या ठिकाणीही हेच घडते. २००३ साली इराकच्या युद्धात लॉस एंजेलिस टाइम्सच्या छायाचित्रकाराने बसराजवळ क्षणाच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे जोडून एक परिणामकारक चित्र केले. मागच्या गर्दीतली काही माणसे दोनदा दिसली म्हणून ते उघडकीस आले, आणि त्याची नोकरी गेली. २००६ साली बैरूतवरील बाँबहल्ल्याच्या एका फोटोत धूर वाढवलेला आढळला. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने त्या छायाचित्रकाराची सगळीच्या सगळी ९२० छायाचित्रे मागे घेतली. बैरूतवर बाँब खरेच पडले होते, धूर खराच होता. पण एका खोट्या धुराखाली बाकीची सारी चित्रे झाकली गेली.

यातून आम्ही जो धडा घेतला तो असा: बलवानाचे एक खोटे उघडे पडले तर तो दुसरे सांगतो, त्याच्याजवळ पैसा आहे, पत्रे आहेत, वकील आहेत. दुबळ्याजवळ खऱ्याखेरीज दुसरे भांडवल नसते. त्याचे एक खोटे उघडे पडले की त्याची शंभर खरी बुडतात. म्हणून साक्षीच्या फोटोला हात न लावण्याचा नियम सर्वांत कडकपणे पाळायचा तो आपल्यासारख्यांनी.

आता हात न लावणे म्हणजे नेमके काय? आकाश गडद केले तर पाप, आणि न केले तर पुण्य, असा सोवळेपणा आम्ही सांगत नाही. चांगल्या वृत्तसंस्थांनी घालून घेतलेले नियम साधारण असे आहेत: धुळीचा डाग काढावा, उजेड व रंग माफक सुधारावा, चौकट बेताची कापावी, परंतु चित्रात जे होते ते काढू नये आणि जे नव्हते ते घालू नये. रंग नसल्याने साक्ष खोटी होत नाही. भोपाळचे उदाहरण घ्या. १९८४ च्या डिसेंबरात विषारी वायूने मेलेल्या एका अनाम बालकाचे दफन रघू राय यांनी कृष्णधवल चित्रात टिपले, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. रंगीत चित्राला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च मान मिळाला, कृष्णधवल चित्रही जगभर पोचले. दोन्हींत तीच माती आणि तेच उघडे डोळे आहेत. दोन साक्षीदार निराळ्या आवाजात एकच गोष्ट सांगत आहेत.

नियम एवढे सोपे असले तरी त्यांच्या सीमेवर गोंधळ होतोच. २०१५ साली त्याच वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोचलेल्यांपैकी वीस टक्के प्रवेशिका अशाच फेरफारांमुळे बाद झाल्या. बहुतेकांना वाटले असेल, एवढ्याशाने काय होते? २०२४ च्या मार्चमध्ये इंग्लंडच्या राजघराण्यातला एक आई-मुलांचा फोटो प्रसिद्ध झाला. बाहीच्या कडेवर जोडकाम दिसले, आणि जगातल्या मोठ्या वृत्तसंस्थांनी तो मागे घेतला. तोच फोटो दिवाणखान्याच्या भिंतीवर लागला असता तर कोणाची तक्रार नव्हती. फोटो तोच राहिला. तो ज्या जागी उभा केला ती जागा बदलली, आणि जागेबरोबर त्याची जबाबदारी बदलली.

हात न लावलेल्या फोटोवर भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. फेरफार नेहमी मागाहूनच होतो असे नाही. १८५५ साली क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटनने एकाच दरीचे दोन फोटो काढले. एकात रस्त्यावर तोफगोळे विखुरले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. निगेटिव्हला कोणी हात लावला नाही, पण गोळ्यांना लावला गेला. न्यूयॉर्कच्या उंच इमारतीवर लोखंडी तुळईवर ओळीने बसून जेवणारे अकरा कामगार तुम्ही पाहिले असतील. आमच्या युनियनच्या कचेरीतही ते लागलेले आहेत. कामगार खरे, तुळई खरी, उंचीही खरी. परंतु १९३२ सालचा तो फोटो इमारतीच्या जाहिरातीसाठी मुद्दाम बसवून घेतलेला होता. मंदीच्या त्या काळात कामगार किती निर्भय आणि आनंदी आहे हे जगाला दाखवायचे होते. निगेटिव्ह स्वच्छ असली म्हणजे साक्ष स्वच्छ असतेच असे नाही.

मग साक्ष स्वच्छ कशाने होते? याचे उत्तर आम्हांला लुइस हाइन या माणसाच्या कामात सापडले. तो मूळचा शाळामास्तर. १९०८ पासून त्याने बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेतल्या समितीसाठी सूतगिरण्यांत, खाणींत, काचकारखान्यांत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. मालक आत येऊ देत नसत, तेव्हा निरनिराळ्या सबबी सांगून तो आत शिरे. एक ध्यानात ठेवा, तो नुसता फोटो काढून थांबत नसे. मुलाचे नाव, वय, काम, किती तास, किती मजुरी हे विचारून लिहून घेई; कधी खिशातल्या खिशात लिही. आपल्या कोटाची बटणे जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे त्याला पाठ होते. त्यांच्या अंदाजाने तो मुलाची उंची टिपी. फोटो खोटे बोलत नाही हा लोकांचा विश्वास त्याला ठाऊक होता, आणि खोटे बोलणारे लोकही फोटो काढू शकतात हे त्याने १९०९ सालीच जाहीर भाषणात सांगून ठेवले होते. म्हणून त्याने फोटोला नोंदीचा आधार दिला. त्याची चित्रे आणि नोंदी त्या चळवळीने वर्षानुवर्षे लोकांपुढे ठेवल्या, आणि १९३८ साली अमेरिकेत बालमजुरीला आळा घालणारा देशव्यापी कायदा झाला.

हाइनची ही रीत आम्ही आज आमच्या कार्यकर्त्यांना शिकवतो, आणि श्रोत्यांनाही सुचवतो. कारखान्यात अपघात झाला, चाळीची भिंत कोसळली, रेशनच्या धान्यात माती निघाली, की आज प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. फोटो काढा; जवळून काढा आणि दूरूनही काढा, म्हणजे जागा ओळखता येईल. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्याच्यातली वेळेची व यंत्राची नोंद गळून पडते. म्हणून पाठवलेली प्रत वेगळी आणि मूळ वेगळे. उजेड वाढवायचाच असेल तर प्रतीवर वाढवा, आणि वाढवला असे लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात फाइलची हॅश नावाची खूण नोंदवायची असते. ही खूण म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. एक बिंदू बदलला तरी ठसा बदलतो. कोट चढवलेली फाइल तेथे चालणार नाही.

हे सारे आज अधिक निकडीचे झाले आहे. पूर्वी फोटोत माणूस घालायला कात्री, डिंक आणि रात्रभरचे जागरण लागे. आज एक वाक्य पुरते. २०२३ साली एका कंपनीच्या मोबाइलने चंद्राच्या मुद्दाम धूसर केलेल्या चित्रातही चंद्रावरचे डाग आपल्या पदरचे भरल्याचे उघड झाले. अशा दिवसांत कोणी म्हणेल, आता कोणत्याच फोटोवर विश्वास ठेवायला नको. ही सूचना ऐकायला शहाणपणाची वाटते. पण तिचा फायदा कोणाला? ज्याच्या कारखान्यात बोट तुटले त्याला नाही. ज्याला ते तुटल्याचे नाकारायचे आहे त्याला. म्हणून साक्षीचा फोटो टिकवणे ही केवळ छायाचित्रकाराच्या धर्माची बाब राहिलेली नाही.

शेवटी पुन्हा सोलापूरच्या त्या कोटाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका ओळखीच्या घरी गेलो होतो. भिंतीवरचा फोटो आम्ही लगेच ओळखला. ट्रेमध्ये तो आम्हीच हलवला होता. घरातला कॉलेजात जाणारा नातू अभिमानाने म्हणाला, “हे आमचे पणजोबा. मोठे साहेब असावेत, कोट पाहा ना.” आम्ही क्षणभर गप्प राहिलो. ज्यांना कोट कुंचल्याचा आहे हे ठाऊक होते ती माणसे आता नव्हती. आठवण म्हणून टांगलेला फोटो कोणाच्या नकळत साक्षीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला होता.

आम्ही त्याला खरे सांगितले: पणजोबा साचेवाले होते, कोट त्यांच्या माणसांच्या मायेचा आहे. तो नाराज होईल असे वाटले होते. पण त्याने फोटो खाली उतरवला, पाठीमागची धूळ पुसली, आणि पेन मागितले. आम्ही सांगत गेलो आणि तो पुठ्ठ्यावर लिहीत गेला: नाव, गिरणीतले काम, कोट स्टुडिओत रंगवलेला. मग फोटो होता तसा पुन्हा भिंतीवर लावला.